पेडलची कयाक : पंखवाली घ्यावी की पंख्याची? (मासेमारी, नागपूर परिसर)

गळवाला_त्रिमूर्तीनगर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

राम राम मंडळी. सहा वर्षं झाली, दर रविवारी काठावर बसून गळ टाकतो आहे. मरळ, रोहू, कधीमधी शिंगाळा. काठावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेलं दुखणं म्हणजे मासा उडी मारतो तो बरोब्बर आपला लूअर (नकली आमिष) पोचतो त्याच्या दहा हात पलीकडे. आता पाण्यात उतरायचं ठरवलं आहे.

मागच्या हिवाळ्यात एका रिसॉर्टवर वल्ह्याची कयाक, म्हणजे एका माणसाची लांबट नाव, तासाभरासाठी घेतली, रॉड सोबत नेला. वल्हं धरलं की रॉड सुटतो आणि रॉड धरला की वारा नाव फिरवतो. तासभर नुसता गोल फिरलो. काठावरची पोरं हसत होती. म्हणून पायाने चालणारी, म्हणजे पेडलची कयाक घ्यायची. हात मोकळे हवेत.

माझी माहिती : वय ४३, वजन ८८ किलो, उंची ५ फूट ७ इंच. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये एक गाडी मावेल एवढी जागा. गाडी वॅगनआर. पाणी : रामटेकची खिंडसी, उमरेडजवळचं मकरधोकडा आणि आंभोऱ्याकडचं गोसेखुर्दचं बॅकवॉटर. बजेट बुलेटच्या आसपास, थोडं वर गेलं तर घरी समजावता येईल.

तीन पर्याय डोळ्यांपुढे आहेत :
१. होबीची आउटबॅक, पंखवाली. नवी परवडत नाही, जुनी मिळाली तर.
२. ओल्ड टाउनची टॉपवॉटर पीडीएल, साडेदहा फुटी, खाली पंखा म्हणजे प्रोपेलर.
३. बिनब्रँडची, प्रोपेलरचीच, कंटेनरमधून मागवून विकणारे आहेत त्यांच्याकडची. जवळजवळ निम्म्या किमतीत.

व्हिडिओ पाहून पाहून डोकं भणभणलं आहे. तिकडचे लोक स्वच्छ निळ्या पाण्यात चालवतात, आपल्याकडचं पाणी कसं असतं ते आपल्यालाच माहीत. सांगा.


तर्री_मारके | ९ नोव्हेंबर, रात्री १०.३१

घरी विचारलं का आधी? नाहीतर बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.


गळवाला_त्रिमूर्तीनगर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

विचारलं. "पार्किंगमध्ये नाव ठेवाल तर गाडी काय गच्चीवर ठेवाल का" असं उत्तर आलं. म्हणजे ठाम नकार नाही.


महालवाला_फ्लोरिडात | १० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

भाऊ, मी मूळचा आपल्या नागपूरच्या महालचा, आता फ्लोरिडात. दोन्ही प्रकार चालवले आहेत, त्यामुळे आधी यंत्र सांगतो, मग निवड तुमची.

पंखवाली म्हणजे होबीची मिराज ड्राइव्ह. ही १९९७ मध्ये बाजारात आली. पेडल सायकलसारखं गोल फिरत नाही. जिममधल्या स्टेपरसारखं एक पाय पुढे, मग दुसरा पुढे. नावेच्या पोटाखाली दोन रबरी पंख असतात, ते एकमेकांच्या उलट दिशेने डावी-उजवीकडे झाडल्यासारखे हलतात. पेंग्विन पाण्यात पंख मारतो, तोच प्रकार. त्यातली मोठी सोय अशी की एक पेडल पूर्ण पुढे दाबून धरलं की दोन्ही पंख पोटाला चिकटून आडवे होतात. उथळ पाणी आलं, गवत आलं, की पंख मिटून नाव नुसती सरकू द्यायची.

खोट अशी की जुन्या मिराज ड्राइव्हला रिव्हर्स नाही. नंतर ज्या ड्राइव्हच्या नावापुढे १८० लागतं ती आली, तिच्यात दोरी ओढली की पंख उलटे फिरतात आणि नाव मागे जाते. जुनी आउटबॅक बघत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा. स्वस्तात मिळाली तर बहुधा त्याच कारणाने मिळेल.

पंख्याची म्हणजे प्रोपेलरची. नेटिव्ह वॉटरक्राफ्टची प्रोपेल, ओल्ड टाउनची पीडीएल, ही त्यातली जुनी नावं. सायकलसारखं गोल पेडल मारायचं. पीडीएलच्या गिअरचं प्रमाण १०.३ ला १ आहे, म्हणजे पायाचा एक फेरा आणि पंख्याचे दहा. उलटं पेडल मारलं की तत्क्षणी रिव्हर्स. मासा लागल्यावर याची किंमत कळते. मोठा मासा नाव ओढत नेतो, हे गंमत म्हणून सांगत नाही.

दोन्हीला पोटाखाली साधारण दीड-दोन फूट पाणी लागतंच. वळवायला दोन्हीत हाताशी एक छोटा दांडा असतो, मागच्या सुकाणूला जोडलेला. डावखुरे असाल तर दांडा कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा. रॉडचा हात आणि सुकाणूचा हात एकच झाला तर पुन्हा तुमचं ते रिसॉर्टवालं गोल फिरणं सुरू.


वैनगंगाकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी १.२०

राजेहो, तुमी पंखा अन् पंख करून राहिले, पाण्यात काय हाय ते कोणी पुसलं नाई.

आंभोऱ्याले मी लहानपणापासून हाव. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा, कोलारी अशा पाच नद्यायचा मेळ हाय तिथं. गोसेखुर्दचं पाणी चढलं तसं शेतं बुडाली, बोरी-बाभळी उभ्याच्या उभ्या पाण्याखाली गेल्या. वरून पाणी सपाट दिसते. खाली खुंट. तुमचा पंखा त्या खुंटाले लागला की कडाड.

दुसरं, नागपूरचं सारं सांडपाणी नाग नदीतून कन्हानात अन् तिथून आमच्या पाण्यात. म्हणून जलकुंभी. सकाळी मोकळं पाणी पाहून आत जान, वारा फिरला की दुपारी तीच जलकुंभी वाट अडवून उभी. पंख्यात तिची मुळं गुंडाळली का मंग बसा सोडवत.

तिसरं अन् सगळ्यात मोठं, जाळी. ढिवर भाऊ संध्याकाळी जाळी लावतात, सकाळी काढतात. वर फक्त थर्माकोलचे तुकडे नाईतर रिकाम्या बाटल्या दिसतात. पंखा जाळ्यात गेला तर तुमचं नुकसान होईल ते होईल, त्या माणसाचं जाळं फाटते. त्याचा दिवस जाते. बाटल्यायची रांग दिसली की लांबून जाजो.

माह्या मते डोंगाच बरा. पण तुमाले कयाकच पायजे तर पंखवाली घेजो.


गळवाला_त्रिमूर्तीनगर | १० नोव्हेंबर, रात्री ९.१०

काका, जाळ्यांचं हे डोक्यातच नव्हतं. आणि उमरेडकडे? पूर्वेच्या मामा तलावांमध्येही जायची इच्छा आहे.


वैनगंगाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९.५५

मामा तलावात पाण्याच्या आधी माणसं पाहाजो. ते माजी मालगुजारी तलाव बहुतेक मच्छीमार संस्थेले ठेक्यानं दिले असतात. बीज त्यायनं सोडलं, राखण त्यायची, मासा त्यायचा. बिना पुसता रॉड घेऊन उतरला तर भांडण होईल अन् भांडणात ते बरोबर राहातील. अध्यक्षाले भेटा, चहा घ्या, एक-दोन मासे गळानं काढतो म्हना. बहुतेक हो म्हनतात. दिवाळीच्या टायमाले शिंगाड्याचे वेल पाण्यावर पसरले राहातात, तिकडे तर जाऊच नका, तेही कोणाचं तरी पीक हाय.

अन् पावसाळ्यात मरळ पिलायचा थवा घेऊन फिरते, लाल-लाल पिलं पाण्यावर बुडबुड्यावानी दिसतात. खाली माय-बाप राखण करतात. ते लूअरवर झपकन येतात, पण भुकेनं नाई, पिलायपायी. त्याले पकडनं म्हणजे सारं घरटं मारनं.


पाना_नंबर_१४ | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

बुटीबोरीत मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये आहे, त्यामुळे मी पंख्याच्या बाजूने. काकांचा मुद्दा बरोबर आहे, पण गिअर, शाफ्ट, बेअरिंग हे आपल्या गावातल्या लेथवाल्याला कळतं. मिराज ड्राइव्हचा पंख फाटला तर तो पंख आणि त्याची दांडी मागवावीच लागते. इथे कोणाच्या दुकानात मिळणार?

आता स्वतःची फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी आणि मेहुण्याने भागीत एक बिनब्रँडची प्रोपेलर कयाक घेतली, तुमच्या तिसऱ्या पर्यायासारखी. विक्रेत्याचं नाव घेत नाही. पहिल्या महिन्यात सीलमधून पाणी आत गेलं, गिअरबॉक्समधलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालं. ते खोलून, नवीन ऑइल सील बसवून दुरुस्त केलं, कारण सील आपल्याच बाजारातल्या मापाचं निघालं. तिथवर मी हुशार.

पंख्याच्या दांड्यावर एक छोटी पिन असते, शिअर पिन. ती मुद्दाम कमजोर ठेवतात. पंखा दगडाला आपटला की आधी पिन तुटते आणि गिअर वाचतो. घरातल्या फ्यूजच्या तारेचं जे काम, तेच. आमची दुसऱ्याच फेरीत तुटली. मला वाटलं हलकी पिन दिली आहे लेकांनी. कारखान्यातल्या लेथवर चांगल्या स्टेनलेसची, जरा जाड, टणक पिन करून घेतली. मेहुण्याला म्हणालो, आता ही जन्मात तुटत नाही.

नाही तुटली. मकरधोकड्याला एका खुंटाला पंखा लागला आणि पिनऐवजी गिअरचे चार दात गेले. दीड किलोमीटर वल्ह्याने परत आलो, तेही एकाच वल्ह्याने, कारण दुसरं "कशाला लागतंय" म्हणून गाडीत ठेवलं होतं. मेहुणा अजून लग्नसमारंभात हा किस्सा सांगतो.

तेव्हा प्रोपेलरची घेतली तर मूळ पिन पाच-सहा जास्तीच्या घ्या, पाना नावेतच दोरीने बांधून ठेवा, आणि पेडलची असली तरी वल्हं सोबत हवंच. कोणतीही असो.

वेगाबद्दल : व्हिडिओत जे आकडे सांगतात त्यावर जाऊ नका. अशा नावेच्या वेगाची मर्यादा तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर असते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की नॉट्समध्ये आकडा येतो. १२ फुटी नावेला साधारण ४.६ नॉट, म्हणजे तासाला साडेआठ किलोमीटर. १० फुटीला ४.२, म्हणजे पावणेआठ. त्यापुढे कितीही पेडल मारा, नाव स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि दम तेवढा जातो. प्रत्यक्षात दिवसभर चालवायचा वेग पायी चालण्याएवढाच असतो. दोन फूट लांबीसाठी तासाला पाऊण किलोमीटर मिळतो, आणि त्याबदल्यात ते दोन फूट तुम्हाला वॅगनआरवर बांधायचे आहेत. हिशोब तुम्ही करा.


महालवाला_फ्लोरिडात | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

पान्याचा हिशोब बरोबर आहे. गाडीचं सांगतो : नवी आउटबॅक १२ फूट ९ इंच आहे, म्हणजे ३.८९ मीटर. वॅगनआर ३.६५ मीटर. नाव गाडीपेक्षा लांब. सगळं साहित्य लावून वजन ४५ किलोच्या वर. ते खांद्याच्या वर उचलायचं. तुमच्याकडे कोणी मदतीला आहे का? सकाळी साडेचारला?

टॉपवॉटरची साडेदहा फुटी ३.२ मीटर, गाडीवर नीट बसते. पण तीही हलकी नाही, ड्राइव्ह धरून जवळपास तेवढीच. मासेमारीच्या या नावा रुंद असतात, ३४ ते ३६ इंच, म्हणून लांबी कमी झाली तरी वजन फारसं उतरत नाही. ड्राइव्ह आणि खुर्ची मात्र वेगळी निघते, ती काढूनच चढवा. जुनी सतरंजी मागच्या काचेवर टाका, नावेचं टोक कॅरिअरच्या मागच्या दांडीवर टेकवा आणि मागून ढकला. पूर्ण वजन एकदम उचलायचं नाही, अर्धं अर्धं.

पण रुंदी कमी करू नका. ८८ किलोचा माणूस, त्यात बॅटरी, आइसबॉक्स, रॉड. कंपनी जी वजनाची मर्यादा लिहिते, तिच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भरायचं असा माझा नियम. मर्यादा १५० किलो लिहिली असेल तर तुम्ही १०५ धरा. त्यात तुम्हीच ८८. तिसऱ्या पर्यायातल्या बऱ्याच नावा इथेच बाद होतात. जास्त भरलेली नाव बुडत नाही, पण जड बसते, तळातल्या निचऱ्याच्या भोकांतून पाणी उलटं वर येतं आणि तुम्ही दिवसभर ओल्या पायांनी बसता.


तर्री_मारके | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.०२

८८ किलो अधिक तर्रीपोहे दोन प्लेट. ते कोण मोजणार?


हाडवैद्य_धंतोली | ११ नोव्हेंबर, रात्री ११.२०

वाचत होतो, राहवलं नाही. नाव-गाव-पंखा सगळं झालं, गुडघ्याचं कोणी बोललं नाही. वय ४३ आणि वजन ८८ असलेल्या माणसाने आधी तेच बघावं.

गोल पेडलमध्ये गुडघा वरच्या टोकाला बराच वाकतो. नावेत तुम्ही सायकलसारखे वर बसत नाही, खुर्चीत मागे रेलून पाय पुढे असतात. खुर्ची एक खाच जरी पुढे राहिली तरी गुडघा छातीकडे येतो आणि वाटीमागे दुखायला लागतं. स्टेपरसारख्या ढकलण्यात गुडघा कमी वाकतो, ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांना ते बहुधा सोसतं. उलट ज्यांची कंबर धरते त्यांना सतत आळीपाळीने ढकलणं त्रास देऊ शकतं, गोल फिरवणं बरं वाटतं. हे सरसकट नाही, माणसागणिक वेगळं.

परीक्षा सोपी आहे. खुर्ची अशी सरकवा की पाय सगळ्यात पुढे असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, पूर्ण ताठ होणार नाही. मग अर्धा तास चालवा. पाच मिनिटं नव्हे, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जे सांगतं ते खरं.


गळवाला_त्रिमूर्तीनगर | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

डॉक्टरसाहेब, जिना उतरताना आत्ताच सांगतो आहे, कयाक न घेताच. म्हणजे पंखवाली?


हाडवैद्य_धंतोली | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

म्हणजे आधी पाच किलो कमी करा. मग पंखवाली.


रानजुई | १२ नोव्हेंबर, रात्री ८.००

दादा, सगळे यंत्रावर बोलत आहेत, मी पाण्यात पडण्यावर बोलते. मी दहा वर्षं वल्ह्याची कयाक चालवते आहे, आणि पाण्यात पडणाऱ्यांत पोहता येणारेच जास्त पाहिले.

अमरावती रोडकडच्या वेणा धरणात २०१७ च्या जुलैमध्ये नाव उलटून तरुण पोरं गेली, आठवत असेल. सुटीचा दिवस, नावेत गर्दी. धरणाचं पाणी तळ्यासारखं दिसतं म्हणून आपण त्याला तळं समजतो.

लाइफ जॅकेट : बसताना पाठीला जाड पट्टी येणार नाही असं, कयाकसाठीचं घ्या. साधं जॅकेट खुर्चीच्या पाठीवर चढतं, हनुवटीला लागतं, मग माणूस चिडून काढून ठेवतो. काढून ठेवलेलं जॅकेट म्हणजे उशी. शिट्टी जॅकेटलाच बांधा. फोन पाण्यात टिकेल अशा पिशवीत, तोही अंगावर, नावेत नाही.

नाव घेतल्यावर पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा. कंबरभर पाण्यात, सोबत माणूस ठेवून, मुद्दाम पडा आणि परत चढा. बाजूने पोटावर आडवं पडायचं, मग उताणं व्हायचं, मग खुर्चीत. पेडलच्या नावेत मध्ये ड्राइव्हचा दांडा उभा असतो, तो बरगडीत बसतो, म्हणून चढायची जागा खुर्चीच्या मागची. खोल पाण्यात पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. आणि उभं राहून गळ टाकण्याचे व्हिडिओ सध्या बघू नका.

ऋतूचं : आत्ता ते फेब्रुवारी सगळ्यात छान. मे-जूनमध्ये दुपारी तीननंतर पाण्यावर नको. सकाळपासून आग ओकणारं आभाळ अर्ध्या तासात काळं होतं, वावटळ सुटते, वीज कडाडते. पाण्याच्या मध्यावर उंच गोष्ट एकच असते, हातातला कार्बनचा रॉड.

अजून एक. तोतलाडोहचा विचारही करू नका. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, मासेमारीला बंदी आहे आणि पाण्यात मगरी आहेत. गोरेवाडा, नवेगाव खैरी ही शहराच्या पिण्याच्या पाण्याची ठिकाणं, तिथेही नाही. खिंडसीला बोटिंग चालतं, पण स्वतःची नाव उतरवायला परवानगी विचारूनच जा.


पाना_नंबर_१४ | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.००

ताईंनी उन्हाचा विषय काढला म्हणून. या नावा जाड पॉलिथिलीनच्या, आपल्या काळ्या पाण्याच्या टाकीसारख्या साच्यात फिरवून बनवतात. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालं होतं. तशा उन्हात गच्चीवर दोन दांड्यांवर पट्ट्याने करकचून बांधून ठेवली तर तळाला दोन पोचे पडलेच समजा. सावलीत, कुशीवर, पट्टा सैल. गाडीवर बांधतानासुद्धा पट्टा हाताने ओढून बसेल एवढाच, रॅचेटने आवळू नका. पोचा पडलाच तर तळ वर करून थोडं ऊन दाखवा, पुष्कळदा आपोआप भरून येतो. ट्रकच्या टायरवर ठेवणं सगळ्यात बरं.


वैनगंगाकाठ | १३ नोव्हेंबर, दुपारी २.१०

अन् उन्हाळ्यात पाणी मागे सरकते त्याचं काय? फेब्रुवारीपासून धरण उतरायले लागते. जिथं दिवाळीत गाडीपाशी पाणी होतं, तिथं मार्चात दोनशे पावलं चिखल. वरून भेगा पडल्या दिसतात, पाय ठेवला की गुडघ्याएवढा आत. पन्नास किलोची नाव तिथून कोन नेईन? तुमचे ते व्हिडिओवाले सिमेंटच्या उतारावरून गाडी लावून उतरवतात.


महालवाला_फ्लोरिडात | १३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

काका, हे शंभर टक्के. ट्रॉली घ्याल तर बारीक चाकांची घेऊ नका, फुगवायच्या रुंद चाकांची घ्या. बारीक चाक चिखलात नांगरासारखं जातं.

आणि गळवाला भाऊ, एक वेगळा सल्ला. आधी हवेची, घडी घालून डिकीत मावणारी कयाक घ्या. डेकॅथलॉनच्या दुकानात मिळतात. पेडल नाही, पण एक हिवाळा त्यावर काढलात तर कुठलं पाणी आपलं, किती लांब जातो, पाठ किती वेळ साथ देते, सगळं कळेल.


गळवाला_त्रिमूर्तीनगर | १३ नोव्हेंबर, रात्री ९.०५

नको हो दादा. गळाच्या हुकांची पेटी घेऊन हवेच्या नावेत बसलो तर माझा हात स्थिर राहणार नाही.


तर्री_मारके | १३ नोव्हेंबर, रात्री ९.०७

आणि मासाही हसून हसून मरेल. फायदाच आहे.


गळवाला_त्रिमूर्तीनगर | २२ मार्च, रात्री ९.४५

मंडळी, धागा वर काढतो आहे. चार महिने गायब होतो, पण कामाला लागलो होतो.

नोव्हेंबरात तिसरा पर्याय कटाप केला, वजनाच्या मर्यादेवर. विक्रेत्याला विचारलं की लिहिलेली मर्यादा माणसासकट की सामानासकट, तर म्हणाला, "सर, सगळ्यासकट, टेन्शन नका घेऊ." तिथेच टेन्शन घेतलं. दुसऱ्या पर्यायाचं जहाजाचं भाडं आणि कस्टम ड्यूटी जोडली तर बुलेट सोडा, वॅगनआरच्या जवळ पोचत होतो.

जानेवारीत एक जुनी आउटबॅक मिळाली. परदेशी जाणाऱ्या एका गृहस्थांची. तळाला ओरखडे, खुर्चीची जाळी थोडी फाटलेली, पंख ठीक. होय, रिव्हर्स नाही. जुनी मिराज ड्राइव्ह. म्हणूनच परवडली. छोटा हत्ती करून आणली. पान्याला घेऊन गेलो होतो, त्याने ड्राइव्ह उलटीसुलटी करून केबल आणि साखळ्या तपासल्या आणि शेवटी म्हणाला, "आहे चांगली, पण मी घेतली नसती."

गाडीवर नेत नाही. उमरेड रोडच्या एका शेतकरी मित्राच्या गोठ्यात ट्रकच्या टायरवर ठेवली आहे. त्याची बोलेरो पिकअप आहे, मासा निम्मा त्याचा. घरचा पार्किंगचा प्रश्नही त्यातच मिटला.

रानजुई ताई, पहिल्या दिवशी सात वेळा पडलो. चौथ्या वेळेपर्यंत बरगडीला तो दांडा लागला, मग तुमचं आठवलं आणि मागून चढलो.

गेल्या रविवारी मकरधोकडा. संस्थेच्या अध्यक्षांना आधीच भेटलो होतो, चहा त्यांनीच पाजला. वैनगंगाकाठ काका, चिखल दोनशे नाही, मोजून एकशे साठ पावलं. रुंद चाकांच्या ट्रॉलीवर दोघांनी नेली. माझी एक चप्पल तिथेच आहे.

पाण्यावर गेल्यावर मात्र काय सांगू. हात दोन्ही मोकळे. वाऱ्याला तोंड करून हळूहळू पाय मारत राहिलं की नाव जागेवर उभी. पाणगवताच्या पट्ट्यावर पेडल दाबून धरलं, पंख मिटले, सरसर वरून गेलो. खुंटांमध्ये दोनदा पंख लागले, वाकले, सरळ झाले. बाटल्यांची रांग दिसली तर लांबून वळसा घेतला.

आठच्या सुमाराला बेशरमच्या झुडपांच्या कडेला बेडूक टाकला, रबरी. दुसऱ्याच ओढीला पाणी फुटलं. मरळ. दोन-सव्वादोन किलोची असावी. ती थेट झुडपात घुसली आणि नाव तिच्यामागे. पाय मारले तर आणखी पुढेच. मागे जायचं कसं? महालवाल्या दादांचं वाक्य त्या क्षणी जसंच्या तसं आठवलं. डाव्या हाताने वल्हं सोडवायला गेलो, ते दोरीत अडकलेलं. तोवर मी, नाव आणि रॉड तिघंही बेशरमच्या आत. तोंडावर फांद्या, टोपीत मुंग्या. मरळ दोर तोडून गेली.


पाना_नंबर_१४ | २२ मार्च, रात्री ९.५२

काही बोलत नाही.


महालवाला_फ्लोरिडात | २२ मार्च, रात्री १०.०४

मी तर नोव्हेंबरातच बोललो होतो. वल्ह्याची दोरी खेचली की सुटेल अशी गाठ मारा, आणि झुडपाकडे तोंड करून गळ टाकू नका. नाव आडवी ठेवा, मासा ओढेल तेव्हा दोन पावलं बाजूला काढता येतात.


वैनगंगाकाठ | २२ मार्च, रात्री १०.३०

मरळ गेली ते बरं झालं. पण जाळं नाई फाडलं ना कोणाचं? मंग ठीक हाय.


गळवाला_त्रिमूर्तीनगर | २२ मार्च, रात्री १०.४१

नाही काका, एकही नाही.

तुमच्याच बाजूचे एक ढिवर आजोबा ट्यूबवर बसून जाळं काढत होते, त्यांनी सगळा तमाशा पाहिला. मी मुंग्या झाडत बाहेर आलो तर ते जवळ आले, नावेला एक फेरी मारली, खाली वाकून पंख पाहिले, दांडा पाहिला, खुर्चीला हात लावला. मग शांतपणे विचारलं, "साहेब, एवढं सारं हाय, तं याले ब्रेक कुठं हाय?"